मदत हवी आहे: ताईला थायरॉइडचा डोळ्यांचा त्रास, सीटीत एपिकल क्राउडिंग आलंय, थांबायचं का?

नमस्कार मंडळी, आम्ही कोपरखैरण्याला आणि ताई ठाण्यात पाचपाखाडीला. तिला ग्रेव्हज (थायरॉइड जास्त काम करतं तो आजार) आहे, गोळ्या चालू आहेत, रक्ताचे रिपोर्ट आता बरे येतात पण डोळे बाहेर आल्यासारखे दिसायला लागलेत, सकाळी पापण्या सुजतात आणि वर बघितलं की एकाचे दोन दिसतात.

डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा सीटी करायला सांगितला, कॉन्ट्रास्ट न देता, कारण त्यात आयोडिन असतं. दोन्हीकडचे इन्फिरिअर आणि मिडिअल रेक्टस (डोळा फिरवणारे खालचे आणि नाकाकडचे स्नायू) जाड झालेत, उजवीकडे जास्त, टेंडन मात्र नॉर्मल. तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, स्नायू मधे फुगलेला आणि डोळ्याला चिकटतो तिथे बारीकच, म्हणाल्या थायरॉइडमध्ये असंच दिसतं, आणि खालचा स्नायू आखडला की वर बघताना दोन दिसतात. घरी सगळ्यांना गाठीची धास्ती होती, त्यामुळे जरा हायसं वाटलं.

पण शेवटच्या ओळीत उजवीकडे एपिकल क्राउडिंग लिहिलंय. म्हणजे डोळ्याची नस मागे जिथून जाते तिथे या फुगलेल्या स्नायूंची दाटी झालीये, नस दाबली जाऊ शकते. काल ताई म्हणाली उजव्याने लाल रंग फिका वाटतो, म्हणून देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा समोर धरून एकेक डोळा झाकायला लावला, तर डाव्याने लालभडक आणि उजव्याने विटकरी! अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, रिसेप्शनवर विचारलं तर मधे जागा नाही म्हणतात. मला तरी थांबणं अजिबात पटत नाहीये, सरळ इमर्जन्सीत न्यावं का? कोणाला असं झालं होतं का, नस वाचवायला शिरेतून स्टिरॉइड लगेच दिले का?

एमआरआयचंही विचारायचंय. फॅट सप्रेशनवाल्या टी२ मध्ये (चरबीची चमक दाबून सूज दाखवणारी एमआरआयची इमेज) स्नायू चमकला तर सूज अजून चालू आहे, नाहीतर जुनी होऊन कडक झालीये, असं समजलं. यावर ट्रीटमेंट खरंच बदलते का? रेडिओआयोडिनचाही (थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडिनची ट्रीटमेंट) विषय निघालाय पण त्याने डोळे बिघडू शकतात म्हणे, म्हणून तो आम्ही सध्या थांबवलाय. दाजींची घरातली सिगरेटही डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीये, ते ऐकतील असं वाटतंय.

ठाणे, नवी मुंबईत ऑक्युलोप्लास्टीचे (पापण्या आणि डोळ्याच्या खोबणीची सर्जरी करणारे) चांगले डॉक्टर कुठे बसतात ते प्लीज सांगा. रिपोर्ट, सीडी सगळं हाताशी आहे, आज रात्रीही निघू शकतो.