ओव्हिंग्टनची मुंबई खरी मानायची का?

दर्यावर्दी:
जॉन ओव्हिंग्टन हा 'बेंजामिन' या जहाजावरचा पाद्री. 1689 मध्ये इंग्लंडहून निघाला, 1690 च्या पावसाच्या तोंडावर मुंबईला लागला आणि पुढे सुरतेला गेला. त्याचं प्रवासवर्णन 1696 मध्ये छापलं गेलं. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, ही म्हण त्यानेच नोंदवली. त्याच्या जहाजातल्या 24 उतारूंपैकी 20 हून जास्त जण पाऊस सरायच्या आत पुरले गेले, शिवाय जहाजावरचे 15 खलाशीही. मयताला माती देणं हे पाद्र्याचंच काम, त्यामुळे हा आकडा मला पक्का वाटतो. त्या काळच्या मुंबईचा इतका जवळचा साक्षीदार दुसरा कोण?

माहीमकर:
साफ असहमत. हाच गृहस्थ लिहितो की मुंबईत जाळ्यातले कोळी अंगठ्याएवढे आणि बेडूक लहान बदकाएवढे होतात! मरणाचा दोष तो हवेइतकाच लोकांच्या पापांना देतो. हा भूगोल नाही, प्रवचन आहे.

दर्यावर्दी:
कोकणात मृगाचा पाऊस पडला की पिवळेधमक बेडूक कधी पाहिलेत का? रानातले मोठे कोळीही अंगठ्याला भारी असतात. अतिशयोक्ती असेल, थाप नाही. कारणं चुकली म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत नाही. महालक्ष्मी-वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरून साचायचं. तिथे तापाने माणसं मरणारच.

पोथीवाचक:
दोघंही वेढा विसरताय. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत ठाण मांडून बसला होता, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले होते. जून 1690 मध्ये तो हटला, आणि ओव्हिंग्टन उतरला तोही त्याच सुमारास. लढाईने खंगलेल्या गावाचा एक पावसाळा पाहून बेटाचा कायमचा स्वभाव ठरवायचा?

माहीमकर:
हेच म्हणतोय. आणि ही मोजदाद कोणाची, तर इंग्रजांची! इंग्रजांच्या वीस मुलांत एकही जगत नाही असं तो लिहितो. वरळी-माझगावचे कोळी, माहीमचे भंडारी याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्यांच्या मुलांचं काय? ती म्हण आज कोणीही 'जुनी मुंबई' म्हणून ठोकून देतं, याचा मला मनापासून राग येतो.

दर्यावर्दी:
वेढ्याचा मुद्दा मान्य, तो मोठा आहे. पण म्हण एका पावसाळ्यात तयार होत नाही, ती त्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी असणार. ती नव्याने आलेल्या गोऱ्यांची म्हण म्हणून वाचा, त्यासाठी ओव्हिंग्टनला बाद करायची गरज नाही.