पर्यावरणाच्या राजकारणात आशा ‘शिकवायची’ म्हणजे नेमकं काय?

टेकडीमास्तर
एका प्राध्यापकांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सारांश असा: पर्यावरणाचं राजकारण शिकताना पोरं खचतात, म्हणून यंदापासून हरलेले लढे शिकवायचे बंद. फक्त जिंकलेले: मेंढा-लेखा (जंगलावर हक्क मिळवलेलं गडचिरोलीचं गाव), नियमगिरी (आदिवासींनी खाण रोखलेला ओडिशातला डोंगर). खाली बदामांचा पाऊस.

वाचून डोकं फिरलं. बारा वर्षं टीवायला हाच पेपर शिकवतोय. पोरं हरण्याने खचत नाहीत, आपण त्यांना येडं समजतो त्याने खचतात. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडायला लागली तेव्हा ही पोरं आठवी-नववीत होती, मोबाइलवर बघत होती. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं आडवी. तुम्ही त्यावर गप्प बसलात की तुमच्या मेंढा-लेखावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

मी जनसुनावणीचे, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकायच्या बैठकीचे, कागद वाटतो. एका प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश, शेजारी मूळ इंग्रजी. मराठी सारांश द्यावाच लागतो, म्हणून दिलेला. त्यात पॉवर प्लांटचं भाषांतर ‘ऊर्जा वनस्पती’! शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, हिला पाणी किती घालायचं?” वर्ग हसून लोळला. मग त्याच पोरांनी पाण्याचा आकडा शोधला. इंग्रजीत होता, मराठीत गायब. चौघींनी हरकत लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच आली, उत्तर नाही. पण पुढच्या सत्रात तिघी विचारत आल्या, “सर, दुसरा कुठला अहवाल आहे का?”

चहाबाज
तुमच्या वर्गात शेवटचं बाक भरलेलं असतं, इथेच तुम्ही जिंकलात. मी तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजं, मधे एसटी. दिवाळीचं मानधन होळीला. मला आशा शिकवायला लावणं हा विनोद आहे. आणि एन्व्हीएसचे, म्हणजे पर्यावरण विषयाचे, प्रोजेक्ट? झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतात, फक्त नाव बदलायचं. आधी त्यावर लिहा.

अंधेरीकर
आरे काढलंत म्हणून बोलतो. अकरा वर्षं लोकलच्या दारात लटकलो. भुयारी मेट्रो हे पर्यावरण नाही का? साडेतेहतीस किलोमीटरची लाइन, तिच्या गाड्या उभ्या करायच्या कुठे, तुमच्या स्टाफरूममध्ये?

टेकडीमास्तर
मेट्रोला कोण विरोध करत होतं? वाद कारशेडच्या जागेचा होता. कांजूरमार्ग होतं की.

अंधेरीकर
होतं! २०२० मध्ये हलवलं, लगेच केंद्र म्हणे जमीन आमची, राज्य म्हणे आमची, हायकोर्टाची स्थगिती. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि गाडी परत आरेत. हे सगळं शिकवता, की झाडाला मिठी मारलेला फोटो दाखवून तास संपतो?

टेकडीमास्तर
शिकवतो. दोन तास त्यावरच जातात. तुम्ही येऊन बसा, हजेरीही लावतो.

चहाबाज
त्या दोन तासांचं मानधन मिळतं का?

मुळशीची_नात
मेट्रो पुरे. मुळशी सत्याग्रह, १९२१, टाटांच्या धरणाविरुद्ध, सेनापती बापट. धरण व्हायचं ते झालंच. आमच्या घरी बापटांचं नाव हात जोडून घेतात, पण पणजी म्हणायची, “भाषणं झाली, मग पाणी आलं.” कॉलेजात सरांनी हाच लढा ‘तेजस्वी अध्याय’ म्हणून सांगितला तेव्हा मी उठून बाहेर गेले. ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्या पोरांना तेज कसलं दाखवता? मास्तर, तुमच्या बाजूनेच बोलतेय, पण ‘पोरं हरण्याने खचत नाहीत’ हे फार सहज लिहिलंत.

झाडीपट्टी
मेंढा-लेखाला ‘जिंकलेली गोष्ट’ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, २००९ मध्ये मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक पासाची भानगड २०११ च्या एप्रिलपर्यंत चालली, केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. त्याआधी कित्येक वर्षं अभ्यासगटात बसून लोक कायदा समजून घेत होते. आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जण अडला की पुन्हा बैठक. हे कंटाळ्यासकट शिकवा. आमच्याकडे बस भरून पोरं येतात, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार’च्या पाटीखाली सेल्फी काढतात, जेवून जातात.

मूळ_पोस्टवाला
ती पोस्ट माझी. डोकं फिरलं म्हणता, तर ऐका. गेल्या वर्षी एक हुशार मुलगी यायची बंद झाली. फोन केला तर म्हणाली, “सर, तुमच्या तासानंतर जेवण जात नाही.” तिचं गाव भूसंपादनात जातंय. मी नर्मदेच्या धरणग्रस्तांच्या लढ्यावर ओळीने सहा तास घेतले होते, पाणी चढतंय असे फोटो लावून. तिच्यासमोर. तुम्ही काय केलं असतं? वनस्पतीचा विनोद सांगितला असता?

टेकडीमास्तर
नसता सांगितला. सहा तास फोटो मीही लावायचो, पहिली तीनेक वर्षं. कोण यायचं बंद झालं ते मी कधी विचारलं नाही, एवढं तुमचं मान्य. पण लढेच गाळणं मान्य नाही. आणि ते बदाम तर अजिबात नाही.

मूळ_पोस्टवाला
बदामांचं काय घेऊन बसलात, अर्धे माझ्याच विद्यार्थ्यांचे आहेत. अंतर्गत गुण बाकी होते.

अंधेरीकर
ते वनस्पतीवालं पान टाका की इथे. मेट्रोत वाचतो.