ऑक्टोपसच्या डोक्यातून फायबर दिसतंय आणि पाय वळत नाहीत

लोकरगुंडा:
क्रोशेचा ऑक्टोपस करतेय. 4 प्लाय सुती धागा, 3.5 मिमी सुई. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणारं धाग्याचं कडं) 6 मुके खांब (आखूड टाके), दर ओळीला 6 वाढवत 36 पर्यंत, मग 8 ओळी साध्या, मग 30 आणि 24 वर घट (दोन टाक्यांचा एक). तीन अडचणी आहेत. टाक्यांमधून आत भरलेलं पांढरं फायबर डोकावतंय, डोकं गोल न होता षटकोनी झालंय, आणि 30 साखळ्यांवर एकेक मुका खांब घालून केलेले पाय सरळ लोंबतायत. उसवावं लागेल का?

साखळीटाका:
डोकं उसवाच. 4 प्लायला 3.5 ची सुई शालीसाठी ठीक, खेळण्यासाठी फार मोठी. 2.5 घ्या, हात सैल असेल तर 2.25. वीण इतकी घट्ट हवी की सुई आत घालताना थोडा जोर लागावा. एकदा बाजूही तपासा: बाहेर इंग्रजी व्हीसारखे टाके दिसले पाहिजेत. आडव्या रेघा दिसत असतील तर उलटी बाजू बाहेर आली आहे.

भोकं घटीच्या जागीच जास्त असतील तर दोष घटीचा. दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या धाग्यांतून सुई घाला, धागा घेऊन दोन्हींतून एकदम ओढा, मग नेहमीसारखा टाका पूर्ण करा. घट इतकी बेमालूम होते की कुठे घेतली ते शोधावं लागतं.

षटकोन होतो कारण प्रत्येक ओळीतली वाढ आधीच्या वाढीच्या डोक्यावर बसते. एक ओळ सोडून एक ओळ सरकवा. चौथी ओळ अशी: 1 साधा, 1 वाढ (एकाच टाक्यात दोन), मग (2 साधे, 1 वाढ) 5 वेळा, शेवटी 1 साधा = 24. सहावी: 2 साधे, 1 वाढ, (4 साधे, 1 वाढ) 5 वेळा, 2 साधे = 36. बाकीच्या ओळी आहेत तशाच.

गुंडाळी:
पायांचं सांगते. एका साखळीत एकच खांब घातला तर पट्टीच होणार, ती का वळेल? 30 साखळ्या घाला, सुईपासून दुसरीत सुरुवात करा, पहिल्या 20 साखळ्यांत प्रत्येकी 3 मुके खांब, उरलेल्या 9 मध्ये एकेक. बाहेरची कड साखळीपेक्षा लांब झाली की पाय आपोआप पीळ घेतो. शेवटी बोटाने एकाच दिशेने गुंडाळून सोडा.

पाय वेगळे करून शिवत बसू नका. 24 च्या ओळीवर दर 3 टाक्यांमागे एक असे आठ पाय थेट काढा, पण फक्त पुढच्या धाग्यात. मागचे धागे मोकळे राहतात, तिथे 24 टाक्यांची चपटी चकती तळ म्हणून शिवायची.

आणि धागा मोजून घ्या! डोक्याला 468 टाके लागतात, पायांना 552, वर 240 साखळ्या. डोकं झालं म्हणजे अर्धं काम झालं असं समजू नका. रंग एकाच लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) घ्या.

दोनसुया:
डोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. 3 वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे नकोच. डोळ्यामागे आतून लावायची चकती कितीही घट्ट असली तरी वीण ताणली जाते आणि डोळा चकतीसकट बाहेर येतो. काळ्या धाग्याने भरा. मोठ्या मुलासाठी 8 मिमीचे चालतील, 11व्या आणि 12व्या ओळीच्या मधे, 6 टाके अंतरावर. फायबर भरायच्या आधी बसवा, कारण चकती आतून लागते आणि एकदा बसली की निघत नाही.

फायबर मुठीने कोंबू नका, बोटांनी पिंजून थोडं थोडं, आधी कडेला आणि मग मधे. कापूस मुळीच नको, धुतल्यावर गोळे होतात.

लोकरगुंडा:
धन्यवाद, डोकं उसवायला घेतलं. देवमासा दोन सुयांवर विणला तर हेच नियम?

दोनसुया:
सुईचा नियम तोच: धाग्याच्या लेबलवर 4 मिमी लिहिलं असेल तर 3.25 किंवा 3. पण सुयांची वीण क्रोशेपेक्षा जास्त ताणते, त्यामुळे भरताना हात आखडता ठेवा, नाहीतर पोटाच्या जागी ओळी उघड्या पडतात. शेपटी आणि पर दोन्ही बाजूंनी सुलट विणा. एक ओळ सुलट, एक उलट केलीत तर कडा गुंडाळल्या जातात आणि इस्त्रीनेही त्या फार काळ सपाट राहत नाहीत.