घरासाठी .३२ बोअर घ्यायचं तर रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

खारघरकर
परवाना मंजूर, खरेदीची मुदत चालू, घर म्हणजे डोंगराच्या बाजूचं रो-हाऊस. अशा माणसाने काय घ्यावं? ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) येतं, सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे तो विषय संपला. राहिलं .३२. त्यात एक तर कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, म्हणजे जुनं मार्क मॉडेल, २०१४ चं ‘निर्भीक’ किंवा २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’. नाहीतर ‘अशनी’ पिस्तूल, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या.

माझं मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण एकच: गोळी फुसकी निघाली तर पुढे काय करायचं? रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढायचा, सिलिंडर फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात मॅगझिनच्या बुडाला थाप मारा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचा, सोडा, मग चाप. या कामाला दोन्ही हात लागतात. रात्री घरात एक हात दिव्याच्या बटणावर, फोनवर नाहीतर पोराच्या दंडावर असतो. त्यात हे पिस्तूल ब्लोबॅक जातीचं. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, धक्का सोसायचा तो स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगने. म्हणून स्प्रिंग कडक. घामेजल्या बोटांतून स्लाइड सटकते आणि अर्धवट मागे जाऊन परत येते. झालं, गोळी चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराच्या, तोंडाशी तिरकी अडकली.

चापकरी
फुसक्या गोळीची एवढी धास्ती असेल तर आधी काडतुसं बदला, हत्यार नंतर.

आता दुसरी बाजू बघा. हॅमर (काडतुसावर आघात करणारा मागचा ठोका) न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायचा म्हणजे लांब आणि जड ओढ. सराव नसलेला माणूस बोटाबरोबर अख्खा पंजा आवळतो, नळी खाली झुकते आणि चार-पाच मीटरच्या हॉलमध्येही गोळी सोफ्यात जाते. ‘निर्भीक’ अर्ध्या किलोचं, नळी आखूड. खिशाला बरं, निशाण्याला नाही. हॅमर आधी चढवून ठेवाल तर ओढ हलकी होते, पण चढलेला हॅमर घेऊन अंधारात घरभर फिरणं म्हणजे स्वतःच्याच माणसावर गोळी सुटायची सोय.

आणि रिव्हॉल्व्हर अडकत नाही हे कोणी सांगितलं? मार्क मॉडेल आणि ‘निर्भीक’ मधोमध मोडणाऱ्या घडणीचे, उघडलं की चांदणीसारखा इजेक्टर वर येतो आणि टरफलं बाहेर पडतात. हत्यार आडवं धरून हळूच उघडलं तर एखादं टरफल त्या चांदणीखाली सरकतं. मग ना मिटतं ना नीट उघडतं. न जळलेल्या दारूचा एखादा कण चांदणीखाली राहिला तरी सिलिंडर जड फिरतो. उघडताना नळी आकाशाकडे, झटका जोरात, आणि दर वेळी चांदणीच्या खालून ब्रश. हे किती जण करतात?

खारघरकर
चांदणीचा मुद्दा मान्य. पण ती भानगड सहा गोळ्या झाडून झाल्यावरची. घरात सातवी गोळी भरायची वेळ आली तर हत्यार कुठलं होतं याला काही अर्थ उरत नाही. पिस्तूल मात्र पहिल्या गोळीलाच दगा देऊ शकतं. पिस्तुलाच्या .३२ एसीपी काडतुसाला बुडाशी बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि ते मॅगझिन थापा मारून सुटत नाही, काढून सोडवावं लागतं.

चापकरी
तो दोष भरणाऱ्याचा. प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटायची आणि वरची गोळी अंगठ्याने दाबून सुटी खालीवर होते का बघायची. पूर्ण लांबीच्या, तांब्याच्या वेष्टणाच्या गोळ्यांत हे सहसा होत नाही, आखूड काडतुसांत होतं.

एक धोक्याचं सांगून ठेवतो, दुकानातसुद्धा कोणी बरळतं म्हणून. रिव्हॉल्व्हरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, पिस्तुलाचं .३२ एसीपी. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत बसतं. बसलं म्हणून झाडायचं नाही. त्याचा दाब जास्त, आणि मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची वरची कडी त्याने ढिली पडत जाते.

घोडबंदर_२२वा_मजला
दोघेही गोळी सुटेपर्यंतच बोलताय. ती थांबते कुठे? रिव्हॉल्व्हरची शिशाची गोळी सहा ग्रॅमच्या वर, वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. पिस्तुलाची साडेचार ग्रॅमची, वेष्टणाची, आणि बरीच वेगवान. बेडरूमचा फ्लश डोअर किंवा जिप्समचं पार्टिशन दोन्ही गोळ्या सहज पार करतात, पलीकडे पोरं झोपलेली असतात. नव्या टॉवरांत मायवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती आहेत, तिथे गोळी थांबेल, पण तिरकी लागली तर उसळून कुठेही जाईल. वेष्टणाची गोळी जास्त उसळते, शिशाची बऱ्यापैकी चेपते. खिडकीतून सुटली तर खाली सर्व्हिस रोड. टू-बीएचकेमध्ये सुरक्षित दिशा एखादीच असते. ती दिवसाउजेडी ठरवून ठेवली नसेल तर दोन्ही हत्यारं सारखीच निरुपयोगी.

खाडीकाठ_ऐरोली
गंजाचा विषय कसा कोणी काढत नाही? जून ते सप्टेंबर इथली हवा लोखंड खाते, खाडीची खारट हवा तर बाराही महिने. चामड्याच्या कव्हरात हत्यार ठेवू नका, चामडं ओल धरतं. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो, मग तेच काडतूस चेंबरमध्ये चिकटतं. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात. चेंबर मात्र कोरडं. चेंबरमध्ये तेल निथळत असेल तर ते काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरपर्यंत (दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत) झिरपतं, आणि मग तुमची ती फुसकी गोळी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदलायच्या. मॅगझिनची आतली बाजू लोक विसरतात. तिथला गंज स्प्रिंगला रखडवतो. या हवेत ज्यात कमी स्प्रिंगा, कमी खाचा, तेच घ्यावं. म्हणून माझं मत रिव्हॉल्व्हर.

वाशीची_वकील
कायद्याचं थोडं. परवाना नावावर असतो, घरावर नाही. नवरा रात्रपाळीला आणि कपाटाची किल्ली बायकोकडे, हे परवान्यात बसत नाही. हत्यार चोरीला गेलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवावं लागतं. निवडणुकीत छाननी समितीने सूट दिली नाही तर हत्यार जमा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता लागल्या. त्या काळात कपाटात पावती होती आणि हत्यार ठाण्यात.

भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क मृत्यूपर्यंत नेतं, हे लोक छाती फुगवून सांगतात. कलम ३७ वाचत नाहीत. गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. चोर गॅलरीतून उडी मारून पळतोय आणि पाठीत गोळी, याला बचाव म्हणत नाहीत.

चापकरी
ताई, मग रात्री दोनला माणसाने कलम वाचत बसायचं का?

वाशीची_वकील
दिवसा वाचा. रात्री बेडरूमचं दार आतून लावा, ११२ फिरवा आणि “पोलिसांना फोन केलाय” हे मोठ्याने ओरडा. दार फोडून आत आला तर परिस्थिती वेगळी आणि कायदाही तुमच्या बाजूला. गोळी सुटलीच तर हत्यार खाली ठेवा, टरफलं उचलू नका, फरशी पुसू नका. हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त होईल आणि तपासणीला जाईल.

कोपरीकर
घरफोडी बहुतेक बंद घरात होते. कुटुंब गावाला, कपाटात पिस्तूल, आणि चोर दागिन्यांबरोबर तेही घेऊन जातो. आधी लोखंडी सेफ्टी डोअर, चौकटीत खोल जाणारे बोल्ट, मागच्या गॅलरीला ग्रिल, आय-होल. यातलं काहीच नसताना रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हा वाद म्हणजे गळक्या छपराखाली पंख्याचा रंग निवडणं.

खारघरकर
ग्रिल आणि दार आहेच, साहेब. प्रश्न त्यानंतरचा होता.

घरात लहान मूल असेल तर मात्र पिस्तुलाची बाजू थोडी पटते. रिव्हॉल्व्हरचा जड चापसुद्धा पोर दोन्ही हातांची बोटं लावून ओढतं. त्यामुळे भिंतीत बोल्ट मारलेली पेटी हवीच, गाडीच्या डिकीत किंवा गादीखाली ठेवणाऱ्यांनी परवानाच मागू नये. पिस्तुलात केबल-लॉक मॅगझिनच्या पोकळीतून घालून टरफलाच्या खिडकीतून बाहेर काढता येतो, ही त्याची जमेची बाजू.

चापकरी
शेवटी रिव्हॉल्व्हरच घेणार असाल तर दुकानात एवढं बघा. आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत याची खात्री. मग हॅमर अगदी सावकाश चढवा, पूर्ण चढायच्या आत सिलिंडर खटकन जागेवर लॉक झाला पाहिजे, सहाही घरांना. मागे राहिला तर ते हत्यार परत ठेवा. हॅमर चढलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा, किंचित चालेल, खडखड नको. मधोमध मोडणारं मॉडेल असेल तर वरची कडी बोटाने ढकलून ढिली आहे का पाहा. नळीवरचा क्रमांक बिलावर अंक-अंक ताडून घ्या, एका अंकाची चूक दुरुस्त करायला आयुक्तालयाच्या खेपा घालाव्या लागतात. आणि सरावाला दोन डमी (दारू नसलेली) काडतुसं आणा. पिस्तूलवाल्यांनीही आणावीत.