मदत हवी आहे: ईएल ३४ च्या ३ नव्या जोड्या १४ महिन्यांत गेल्या, आजचे व्हॉल्व्ह टिकत नाहीत का?

चोपडेकर
नमस्कार. वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ईएल ३४ या व्हॉल्व्हची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांची, जोडी लागते. गेल्या १४ महिन्यांत मी ३ जोड्या बसवल्या आणि तिन्ही गेल्या. व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवे, खोकाबंद आणि विक्रेत्याने ‘जुळवलेली जोडी’ म्हणून दिलेले होते. काल रात्री दहाच्या सुमारास तबकडी चालू असताना आवाज आधी घोगरा झाला, मग गुणगुण वाढली, आणि जाळीतून डोकावून पाहिले तर एका व्हॉल्व्हच्या करड्या प्लेटवर रुपयाएवढा लाल डाग पेटलेला होता. बटणापर्यंत हात पोहोचण्याआधीच फ्यूज उडाला.

आज तयार होणारे व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्प्लिफायरसाठी भरवशाचे राहिले नाहीत का? तसे असेल तर तिप्पट पैसे मोजून जुना, न वापरलेला साठा घ्यावा का? आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी येणार आहेत आणि तोवर हा अ‍ॅम्प्लिफायर वाजता व्हावा अशी वडिलांची फार इच्छा आहे. कृपया लवकर सांगावे.

निर्वात
आपण व्हॉल्व्हविषयी सगळे लिहिले आहे, अ‍ॅम्प्लिफायरविषयी काहीच नाही. बायस, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडवरचा ऋण दाब, स्थिर आहे की कॅथोड रोधातून मिळतो? प्लेटवर किती व्होल्ट आहेत, आणि प्रत्येक व्हॉल्व्हमधून किती मिलिअँपिअर जातात? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिन्ही वेळी लाल झालेला व्हॉल्व्ह एकाच सॉकेटमधला होता का?

पांझराकाठ
दादा, दोष व्हॉल्व्हचाच आहे. मी धुळ्यात गेली बारा वर्षे स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर वापरतो आहे. मागवलेल्या चार नव्या व्हॉल्व्हपैकी एकाचा गेटर, म्हणजे काचेच्या आतला चंदेरी लेप, खोके उघडले तेव्हाच दुधासारखा पांढरा पडलेला होता. म्हणजे आत हवा शिरलेली होती. दुसऱ्यावर टिचकी मारली की स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखा आवाज यायचा. पूर्वी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत असत आणि आमच्या आजोबांचा रेडिओ त्याच व्हॉल्व्हवर तीस वर्षे चालला. आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथील मोजके कारखाने जगाची गरज भागवतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात थांबली तेव्हा किमती किती चढल्या ते सगळ्यांनी पाहिले आहे. गिऱ्हाईक मिळेल त्यावर समाधान मानते आणि तपासणी सैल होते. आपण जुना साठाच घ्यावा.

चोपडेकर
निर्वात सर, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष असता तर तो वीस वर्षे लग्नाच्या मांडवात चालला नसता. वडिलांचा लाऊडस्पीकरचा व्यवसाय होता. बायस स्थिर आहे. कारागिराने ४५ मिलिअँपिअरवर लावून दिला आणि प्लेटवर ४४० व्होल्ट मोजले. सॉकेट कोणते होते हे मी लक्षात ठेवलेले नाही. कोणते व्हॉल्व्ह घ्यावेत एवढेच सांगितले तरी पुरे आहे.

सातपुडा
ईएल ३४ च्या जागी केटी ८८ बसवा. त्याच्या प्लेटची मर्यादा ४२ वॅट आहे आणि ईएल ३४ ची २५ वॅट, त्यामुळे प्रश्न कायमचा मिटेल. तळातला आवाजही अधिक भरीव होतो. तसेच आपले स्पीकर किती ओहमचे आहेत तेही कळवावे.

निर्वात
केटी ८८ घालू नये. त्याचा बायस वेगळा लावावा लागतो आणि त्याचा हीटर (आतली तापणारी तार) १.५ ऐवजी १.६ अँपिअर घेतो. तेवढे ट्रान्सफॉर्मर सोसेलही, पण मूळ दोष तसाच राहिला तर ईएल ३४ पेक्षा महाग व्हॉल्व्ह जळेल.

भुसावळ यार्ड
कारागिराने ही मोजमापे दिवसा केली की रात्री, आणि भिंतीतल्या सॉकेटवर तेव्हा किती दाब होता? ४४० व्होल्ट आणि ४५ मिलिअँपिअर म्हणजे प्लेटवर जवळजवळ २० वॅट झाले. २५ च्या मर्यादेत हे बसते, पण मोकळीक थोडीच उरते. केळीच्या पट्ट्यात शेतीपंपांचा भार असेपर्यंत दाब दबलेला असतो आणि भार उतरला की तो एकदम चढतो. मी भुसावळला रात्री अकरा वाजता २५५ व्होल्ट स्वतः मोजलेले आहेत. आपल्या ट्रान्सफॉर्मरची पट्टी (येणाऱ्या दाबाप्रमाणे निवडायची जोडणी) २२० वर असेल तर २५५ ला ६.३ व्होल्टचा हीटर ७.३ वर जातो आणि प्लेटचे ४४० व्होल्ट ५०० च्या पुढे सरकतात. कोणताही व्हॉल्व्ह असे दिवस फार काढणार नाही, तो कोणत्याही देशातला आणि कोणत्याही सालातला असो.

पांझराकाठ
काका, मग आजोबांचा रेडिओ याच विजेवर कसा टिकला? उन्हाळ्यात खोलीत ४४ अंश असतात, त्याचाही परिणाम होत असेल.

भुसावळ यार्ड
रेडिओचा आउटपुट व्हॉल्व्ह थोडक्या वॅटवर, निम्म्या दाबावर चालतो. त्याची तुलना ५०० व्होल्टवर ताणलेल्या ईएल ३४ शी करणे योग्य नाही. शिवाय त्या काळी जे व्हॉल्व्ह वर्षभरात गेले ते दुकानदाराने बदलून दिले आणि आपण ते विसरलो. उन्हाचे म्हणाल तर व्हॉल्व्हची काच मुळातच हात भाजेल इतकी तापलेली असते, तिला खोलीतल्या दहा अंशांनी फार फरक पडत नाही. उन्हाचा त्रास शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना होतो.

निर्वात
चोपडेकर, वीस वर्षे चालला हाच माझ्या शंकेचा आधार आहे. तेवढ्या काळात आधीच्या टप्प्यातून ग्रिडकडे येणारा कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा संकेत पुढे सोडून उच्चदाब अडवणारा) गळू लागतो. त्यातून थोडा उच्चदाब ग्रिडवर झिरपला की ऋण बायस उणावतो, प्रवाह वाढतो, प्लेट तापते, तापलेल्या धातूतून अडकलेला वायू सुटतो, वायूमुळे ग्रिडमधून उलटा प्रवाह वाहतो आणि बायस आणखी उणावतो. हे चक्र एकदा सुरू झाले की काही मिनिटांत प्लेट लाल होते. पांझराकाठ म्हणतात त्यात तथ्य आहे: आजच्या काही व्हॉल्व्हमध्ये निर्वातन पूर्वीइतके कसून होत नाही, म्हणून ते या चक्रात लवकर सापडतात. पण चक्र सुरू करणारा दुसराच असू शकतो.

स्पीकर जोडलेला ठेवून, एका वेळी एकच आउटपुट व्हॉल्व्ह काढावा आणि त्या रिकाम्या सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या पिनवर चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत किती ऋण व्होल्ट आहेत ते वीस मिनिटे पाहावे. मीटरची तार वीज बंद असताना, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून चिमट्याने अडकवावी आणि चालू असताना आत हात घालू नये. आत मृत्यू येऊ शकेल इतका दाब आहे.

चोपडेकर
काल मी घाईत उत्तर दिले, त्याबद्दल क्षमस्व. वडिलांना विचारताच ते म्हणाले, “ट्रान्सफॉर्मरकडचाच जातो, दरवेळी तोच.” त्यांनी गेलेल्या तिन्ही व्हॉल्व्हच्या बुडाला शाईने फुली मारून ते डब्यात ठेवलेले होते, आणि मला हे माहीतच नव्हते.

मोजमापे अशी आहेत. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या सॉकेटवर उणे ३६ व्होल्ट आले आणि वीस मिनिटांनी तेवढेच राहिले. ट्रान्सफॉर्मरकडच्या सॉकेटवरही सुरुवातीला उणे ३६ होते. मग आकडा सावकाश उतरत गेला आणि वीस मिनिटांनी उणे २२ वर आला. ग्रिडचा रोध दोन्हीकडे ४७० किलोओहम आहे. रात्री साडेदहाला भिंतीवर २५४ व्होल्ट होते आणि ट्रान्सफॉर्मरची पट्टी २२० वर आहे. कारागीर दुपारी आला होता, तेव्हा दाब २१८ असल्याचे त्याने वहीत लिहिलेले सापडले.

निर्वात
ट्रान्सफॉर्मरकडचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे, यात आता शंका नाही. तापला की अधिक गळतो, म्हणून आकडा हळूहळू उतरला. दोन्ही कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे नवे फिल्म प्रकारातले घालावेत. ४७० किलोओहम हे स्थिर बायससाठी जुन्या डेटाशीटमधील अर्ध्या मेगओहमच्या मर्यादेत असले तरी आजच्या व्हॉल्व्हसाठी मी २२० ठेवतो, ०.१ मायक्रोफॅरडबरोबर तळाची मर्यादा तरीही ७ हर्ट्झच्या आसपास राहते, त्यामुळे आवाजात काही उणे होत नाही. स्क्रीनच्या (दुसऱ्या ग्रिडच्या) पिनपाशी १ किलोओहम, ५ वॅटचा रोध नसेल तर तोही घालावा.

भुसावळ यार्ड
आणि पट्टी २४० वर न्यावी. मग २५४ ला हीटर ६.७ च्या आत राहील. त्यानंतर बायस रात्री, दाब चढलेला असताना, ३५ मिलिअँपिअरवर लावावा.

चोपडेकर
जळगावहून उद्या कपॅसिटर आणतो. मग चौथी जोडी कोणती घ्यावी?

निर्वात
सध्या कोणतीही घेऊ नये. तीन जोड्यांमधले तीन व्हॉल्व्ह गेले असतील तर दुसऱ्या सॉकेटमधले तीन आपल्याकडे शिल्लक असले पाहिजेत. ते शाबूत आहेत का?

चोपडेकर
आहेत. जोडी म्हणून घेतले होते, त्यामुळे एक गेला की मी दुसराही काढून ठेवत होतो. तिघांचाही गेटर चंदेरी आहे.

पांझराकाठ
तिन्ही आळीपाळीने एकाच सॉकेटमध्ये, एकाच बायसवर अर्धा तास तापवून प्रवाह लिहून घ्यावा आणि ज्या दोघांचे आकडे जवळ येतील ते बसवावेत. माझ्याकडे प्रत्येक व्हॉल्व्हचा प्रवाह दाखवणारी दोन मीटर आहेत. शनिवारी अमळनेरला येणार आहे, हवी असल्यास घेऊन येतो.