विसावा, मुक्काम आणि तळ

‘पालखी जेजुरीत विसावली’ अशा मथळ्यांमुळे विसावा आणि मुक्काम हे समानार्थी शब्द असावेत, असे अनेकांना वाटते. वारीच्या वाटेवर मात्र त्यांत स्पष्ट भेद पाळला जातो. विसावा दिवसाचा असतो. पालखी थोडा वेळ थांबते, दिंड्यांतील मंडळी न्याहारी किंवा जेवण उरकतात आणि पुन्हा चालू लागतात. मुक्काम म्हटला की रात्र आलीच. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मार्गावर वाल्हे आणि लोणंद ही मुक्कामाची गावे आहेत, तर त्यांच्यामधले नीरा हे दुपारच्या विसाव्याचे. ‘विसावणे’ हे क्रियापद रात्रीच्या थांब्यासाठी ललित लेखनात शोभेल, पण वेळापत्रकात ते वापरल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

‘विसावा’ हा संस्कृत ‘विश्राम’ या शब्दापासून आला आहे. ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव होताना ‘म’चा जसा ‘व’ झाला, तसाच तो येथेही झाला आहे. ‘मुक्काम’ अरबी आहे. त्याच्या मूळ धातूचा अर्थ उभे राहणे असा आहे. एका रात्रीच्या थांब्यासाठी वापरला जाणारा हा शब्द मराठीत इतका स्थिरावला की ‘मु. पो.’ या रूपाने तो आपल्या कायमच्या पत्त्यातही जाऊन बसला.

‘तळ’ या शब्दाबाबत अधिक काळजी घ्यावी लागते, कारण मुक्काम ही थांबण्याची क्रिया आहे आणि तळ ही तिची जागा. मुक्काम ‘पडतो’ आणि ‘हलतो’. तळावर मात्र आपण ‘पोहोचतो’. जेथे पालखीचा तंबू उभा राहतो आणि संध्याकाळी समाजआरतीसाठी दिंड्या जमतात, ते मोकळे मैदान म्हणजे पालखीतळ. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. तेथे मुक्काम असतो, पण त्या मंदिरांना तळ म्हणणे योग्य होणार नाही.

मुक्कामाच्या अर्थाने जुन्या मराठीत ‘पेणे’ असा एक सुंदर शब्द होता आणि तो ज्ञानेश्वरीतही आढळतो. ज्या माउलींच्या पादुका पालखीत असतात, त्यांचाच हा शब्द त्या वाटेवर आज ऐकू येत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.