शपथ कॉलेजात होते, वळण वॉर्डात लागतं

रातपाळी

परवा पंचवटीत आत्याकडे जेवायला गेले होते. पंगतीत विषय निघाला, "हल्लीच्या नर्सेसमध्ये माणुसकी म्हणून उरली नाही." मी समोरच बसलेले, तेव्हा आत्याने घाईघाईने जोडलं, "तू नाहीस गं, बाकीच्या." तो घास काही उतरला नाही, म्हणून हा धागा.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, नाशकात अकरा वर्षं नोकरी झाली. तीन खाजगी दवाखाने पाहिले. नावं विचारू नका, सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नर्स ड्युटीवर कशी वागते हे तिच्या स्वभावापेक्षा त्या दवाखान्यात खरं बोलल्यावर काय होतं यावर जास्त ठरतं.

पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच महिन्यात, माझ्या हातून इन्सुलिन जास्त गेलं. इन्सुलिनची बाटली दोन ताकदीची येते, एका मिलीत ४० युनिट किंवा १००. सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. रात्रीच्या घाईत मी १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने भरलं. दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, पेशंटला गेलं पंचवीस. नंतर ट्रेमधली टोपी दिसली आणि हातपाय गार पडले. आजोबांना साखर घालून दूध पाजलं, दर अर्ध्या तासाला बोट टोचून शुगर बघितली, पहाटेपर्यंत त्यांच्या कॉटजवळून हलले नाही. पण आरएमओना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं नाही आणि चार्टवर दहाच लिहिलं. कारण पंधरा दिवसांपूर्वी एका सिस्टरने आपली चूक स्वतःहून सांगितली होती, तर राउंडला नातेवाइकांसमोर तिची काढली आणि वर तीन दिवसांचा पगार कापला. आजोबा धडधाकट घरी गेले. जाताना मला डझनभर केळी देऊन गेले. मी ती मावशींना देऊन टाकली.

तिसऱ्या ठिकाणी हीच चूक एका नव्या मुलीकडून झाली. इन्चार्ज सिस्टरचं पहिलं वाक्य होतं, "आत्ता शुगर किती आहे?" मग डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना खरं सांगणं, आणि सकाळी दोन्ही बाटल्या फ्रीजच्या एकाच कप्प्यात का होत्या याची चौकशी. मुलीने फॉर्म भरला, मेमो मिळाला नाही. गंमत म्हणजे पुढच्या तीन महिन्यांत त्या वॉर्डातून चुकांचे फॉर्म वाढले. मॅनेजमेंट हादरलं. इन्चार्ज म्हणाल्या, "चुका तेवढ्याच आहेत साहेब, आता कागदावर यायला लागल्यात."

तिथे मी कधी खोटं रीडिंग लिहिलं नाही. पहिल्या ठिकाणी रोज लिहायचे.

सिडकोकर

ताई, खरं लिहिलंत त्याबद्दल आदर आहे, पण पटलं नाही.

महिन्यापूर्वी वडील ॲडमिट होते, खाजगीतच. रात्री सलाईन संपून नळीत रक्त उलटं आलं. बेल दाबली. वीस मिनिटं कोणी नाही. काउंटरवर गेलो तर सिस्टर मोबाईलमध्ये. वर मलाच म्हणते, "येते म्हटलं ना, तुमचा एकट्याचाच पेशंट आहे का?" यात दवाखान्याने काय शिकवलं होतं तिला? मोबाईल बघायला?

मी सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. आमचा सुपरवायझरही "आधी माल काढ, बाकी बघू" म्हणणाराच आहे. म्हणून मी मापाचा गेज न लावता जॉब ओके करतो का? आणि तुमच्या त्या आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर घरच्यांनी कोणाला विचारायचं होतं? चार्टवर तर दहाच.

रातपाळी

आजोबांच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकलंच.

पण गेजचं सांगते. भाऊ, तुम्हाला गेज दिलेला असतो आणि लावायला वेळही. त्या पहिल्या दवाखान्यात रात्री आम्ही दोघी होतो आणि पेशंट अठ्ठावीस. सर्वसाधारण वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स असा जुना सरकारी निकष आहे, त्या हिशेबाने पाच जणी हव्या होत्या. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वास लिहायच्या कागदावर, श्वासाचा एक रकाना असतो. श्वास नीट मोजायचा तर छातीकडे बघत पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं. अठ्ठावीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासालाच अर्धा तास. म्हणून कोणाचाही चार्ट उघडा, श्वास २०. न्यूमोनियावाला २०, हर्नियावाला २०. इन्चार्ज सही करते, डॉक्टर राउंडला बघतात, सगळ्यांना माहीत असतं. रिकामा रकाना दिसला तर बोलणी बसतात, खोटा भरलेला चालतो. तुमच्या कंपनीत असं चालतं का, मनापासून सांगा.

सिडकोकर

ऑडिट असलं की चालतं. 😐

जुनी_सिस्टर

मी सरकारी नोकरीत तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झाले. तुम्ही अठ्ठावीसचं कौतुक सांगता, आम्ही एकेका रात्री साठ पेशंट सांभाळले आहेत, जमिनीवर गाद्या टाकून. निकष आम्हीही वाचले होते. तरी माझ्या हातून खोटं रीडिंग गेलं नाही. जमलं नाही तिथे रकाना कोरा ठेवला आणि बोलणी खाल्ली. बोलणी खाऊन कोणी मरत नाही.

२७ ऑगस्ट २००३, कुंभमेळ्यातली चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली. माझी ड्युटी दुपारी संपत होती. मी दुसऱ्या दिवशी घरी गेले, आणि तशी मी एकटी नव्हते. कोणी ऑर्डर काढली नव्हती, ओव्हरटाईम नव्हता. आतून असावं लागतं ते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबागला, तिथलीच नर्स होती ती, तिथल्या सिस्टरांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, बेचाळीस वर्षं. कोणत्या मॅनेजमेंटने शिकवलं होतं?

रातपाळी

सिस्टर, तुमच्या पायाशी बसून शिकावं अशा तुम्ही आहात. पण चेंगराचेंगरीच्या दिवशी सगळेच उभे राहतात. मी बोलतेय ते कुठल्याशा मंगळवारच्या रात्री अडीच वाजताचं. आणि तुमची बदली करू शकत होते, फार तर. आम्हाला "उद्यापासून येऊ नका" एवढं तीन शब्दांत सांगतात. काही ठिकाणी तर ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात असतात.

दिंडोरी_रोड

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. मुलींची दिवा हातात घेऊन शपथ होते तेव्हा दर वर्षी पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही, त्यांच्या नावाने १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. मूळ मसुद्यात डॉक्टरांच्या कामात एकनिष्ठेने मदत करीन असंही वचन आहे. म्हणजे पेशंटचं हित आणि वरच्याचं ऐकणं, दोन्ही एकाच श्वासात. वॉर्डात या दोहोंची गाठ पडली की मुलगी काय करेल हे ती इन्चार्जकडे बघून ठरवते. सहा महिन्यांनी भेटायला आल्या की मी बोलण्यावरूनच ओळखते कुठे लागल्यात. काही जणी "आमचा पेशंट" म्हणतात, काही जणी "बेड नंबर चौदा".

अमेरिकेतल्या व्हिक्टर आणि कलन या संशोधकांनी १९८८ मध्ये यावर मांडणी केली. कामाच्या जागी एक नैतिक हवा असते, कुठे माणसांच्या काळजीची, कुठे नियमांची, कुठे ज्याच्या त्याच्या फायद्याची, आणि लोक त्या हवेत वागतात. बरोबर काय ते कळतं पण करता येत नाही, त्या घुसमटीवर जेमटन यांनी १९८४ मध्येच लिहिलं होतं. माझ्या मते "तुमचा एकट्याचाच पेशंट आहे का" म्हणणारी सिस्टर बऱ्याचदा याच घुसमटीतून तयार झालेली असते. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती तशी नव्हती.

आणि जुनी_सिस्टर, केईएमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. बेचाळीस वर्षांत तिथल्या सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या. नव्या मुलीने रुजू झाल्यावर बघितलं की इथे अरुणाला असंच जपतात, मग तीही जपायला लागली. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. इतक्या सगळ्या जणी स्वभावाने सारख्या निघाल्या असं थोडंच आहे?

जुनी_सिस्टर

ती रीत पहिल्यांदा कोणीतरी पाडलीच ना? तिच्याआधी कुठे होती हवा?

वीस_खाटा

डॉक्टर आहे, गंगापूर रोडच्या बाजूला वीस खाटांचं माझं स्वतःचं हॉस्पिटल आहे. मालकाची बाजूही ऐका.

चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा नको, वाचायला छान आहे. पण कबुली कागदावर आली की तो कागद ग्राहक न्यायालयात जातो. त्याआधी चाळीस माणसं रिसेप्शनवर येतात. हॉस्पिटलांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण काच फुटल्यावर कायदा येतो, आधी दगड. तेव्हा सिस्टर पुढे होत नाही, मी होतो.

पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नास खाटांच्या आतल्या हॉस्पिटलांना महिना किमान २०,००० सांगितले. तीन पाळ्या, सुट्ट्या धरून मला आठ-नऊ सिस्टर लागतात. मेडिक्लेमचे पैसे चार-चार महिने अडकतात. आणि मुलगी हाताखाली तयार झाली की मुंबई-पुण्याला नाहीतर गल्फला. शिस्त लावली नाही तर हॉस्पिटल चालणार नाही.

रातपाळी

डॉक्टर, काच फुटण्याची भीती खरी आहे, मीही एकदा औषधांच्या खोलीत आतून कडी लावून बसलेय. पण आमच्या तिसऱ्या दवाखान्यात त्या मुलीच्या पेशंटच्या घरच्यांना रात्रीच खरं सांगितलं. मुलगा खूप चिडला, ओरडला, आणि मग खुर्ची ओढून आईजवळ बसला. दगड बहुतेक वेळा लपवलेलं बाहेर आल्यावर येतात.

एक विचारू? तुमच्या आठ-नऊ सिस्टरांपैकी जीएनएम किंवा बीएस्सी किती?

वीस_खाटा

दोन. एक एएनएम आहे, त्याहून छोट्या कोर्सची. बाकीच्या आम्ही शिकवून तयार केलेल्या मुली. चांगल्या आहेत, काही जणी क्वालिफाइडपेक्षा बऱ्या. सगळ्या छोट्या हॉस्पिटलांत हेच आहे, मी निदान लिहितोय तरी.

दिंडोरी_रोड

मग तुम्ही नर्सच्या नीतिमत्तेबद्दल बोलत नाही आहात डॉक्टर. ज्यांनी ना शपथ घेतली, ना ज्यांची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, त्यांना तुम्ही इन्सुलिन भरायला लावताय.

जुनी_सिस्टर

या एका बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूने. आमच्या वेळी मावशीला सुई हातात धरू देत नव्हतो.

सिडकोकर

थांबा जरा. म्हणजे माझ्या वडिलांच्या वॉर्डात त्या रात्री होती ती नर्स होती की नव्हती?

रातपाळी

ड्रेसवर नावाची पट्टी होती का? नोंदणी नंबर, पदवी, काही?

सिडकोकर

बघितलं नाही. पांढरा ड्रेस होता. मी सिस्टर म्हणून हाक मारली, तिने ओ दिली.